रक्तातल्या मायक्रोआरएनएसाठी नमुना कसा तयार करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी, पीएच.डी. करणारे संशोधक आणि लॅब टेक्निशियन यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एक मुद्दा दोनदा यायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायक्रोआरएनए म्हणजे नेमकं काय, आणि ते रक्तात टिकतं कसं?

ही साधारण २२ न्यूक्लिओटाइडांची आरएनएची तोकडी साखळी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या जनुकांची प्रथिनं किती बनू द्यायची यावर ती वचक ठेवते. पहिलं मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली एका सूत्रकृमीत सापडलं. या संशोधनासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. कर्करोगाच्या रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) आणि सीरममध्येही (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) ही मायक्रोआरएनए मोजता येतात, हे २००८ साली दिसून आलं आणि तिथून बायोमार्कर, म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण, म्हणून त्यांचा शोध सुरू झाला.

उघडा आरएनए प्लाझ्मात टाकला तर तिथली आरएनेज विकरं त्याचा बघता बघता फडशा पाडतात. ही मायक्रोआरएनए वाचतात, कारण ती एकटी नसतात. बरीचशी आर्गोनॉट-२ या प्रथिनाला बिलगलेली असतात, काही एक्झोसोमसारख्या सूक्ष्म पुटिकांत (पेशींनी सोडलेल्या पिशव्यांत), काही एचडीएल या चरबी वाहून नेणाऱ्या कणांसोबत.

२. ती एवढी टिकाऊ असतील तर नमुन्याची इतकी काळजी कशाला?

कारण धोका मायक्रोआरएनए नष्ट होण्याचा कमी आणि नको ती मायक्रोआरएनए मिसळण्याचा जास्त आहे. प्लाझ्मातलं प्रमाण अगदी थोडं असतं. त्याच नळीत शेजारी असलेल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्यात मात्र मायक्रोआरएनएचा मोठा साठा असतो. थोड्याशा पेशी फुटल्या किंवा प्लाझ्मात राहून गेल्या, की तुम्ही आजार मोजत नसता, स्वतःची हाताळणी मोजत असता. पुढे पीसीआर (जनुकीय साखळीच्या प्रती वाढवून मोजण्याची चाचणी) कितीही काटेकोर केला तरी ती भेसळ निघत नाही. म्हणून या पानाचा मोठा भाग सुई टोचल्यापासून प्लाझ्मा फ्रीझरमध्ये गोठेपर्यंतच्या वेळेबद्दल आहे.

३. प्लाझ्मा घ्यावा की सीरम?

नवा अभ्यास सुरू करत असाल तर प्लाझ्मा घ्या. सीरम तयार होताना रक्त गोठतं, आणि गोठताना प्लेटलेट सक्रिय होऊन आपली मायक्रोआरएनए बाहेर सोडतात. किती सोडतील हे गोठायला लागलेल्या वेळेवर आणि तापमानावर ठरतं, म्हणजे ते तुमच्या हातात पूर्णपणे राहत नाही.

सीरमच घ्यायचं असेल (जुना अभ्यास सीरमवर असेल, तर) गोठण्याची वेळ प्रत्येक नमुन्याला सारखी द्या, उदाहरणार्थ खोलीच्या तापमानाला बरोबर ३० मिनिटं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या पेशंटचं रक्त उशिरा गोठतं, त्याची वेगळी नोंद हवी. निम्मे नमुने सीरम आणि निम्मे प्लाझ्मा असा घोळ मात्र कधीही करू नका. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत.

४. कोणता बल्ब (रक्त घेण्याची नळी) वापरायचा? वॉर्डात हिरवा हेपरिनचा बल्ब सहज मिळतो, तो चालेल का?

हेपरिनचा नको. रक्त गोठू न देणारं हेपरिन आरएनएसोबत निष्कर्षणात (प्लाझ्मातून आरएनए वेगळा काढताना) टिकून राहतं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएची डीएनए प्रत करणारं विकर) व पीसीआरचा पॉलिमरेज या दोन्ही विकरांना अडवतं. सीक्यू (पीसीआरमध्ये संकेत दिसायला लागलेल्या फेऱ्या; जितका कमी तितकं मायक्रोआरएनए जास्त) उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि आपण समजतो मायक्रोआरएनए कमी आहे.

जांभळ्या झाकणाचा के२-ईडीटीए बल्ब घ्या (ईडीटीएही रक्त गोठू देत नाही). सायट्रेटच्या बल्बमध्ये द्रव असल्याने रक्त नऊला एक या प्रमाणात पातळ होतं आणि बल्ब कमी भरला तर ते प्रमाण बिघडतं. तो चालतो, पण एकाच अभ्यासात ईडीटीएच्या बल्बांसोबत मिसळून वापरायचा नाही. पॅक्सजीनसारख्या नळ्या संपूर्ण रक्तातल्या, म्हणजे पेशींतल्या आरएनएसाठी आहेत. त्यात रक्त घेतलं की पेशी फुटतात, मग त्यातून प्लाझ्मा मिळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

३ मिलीचे दोन बल्ब खुणेपर्यंत भरले तर वरचा सुरक्षित थर तेवढा घेऊन साधारण २ ते २.५ मिली प्लाझ्मा हाती येतो. बहुतेक अभ्यासांना तो पुरतो.

५. पेशंटला उपाशीपोटी बोलवावं का? आदल्या दिवशी काही पथ्य?

शक्य असेल तर ८ ते १२ तास उपाशी आणि सकाळच्या ठरावीक वेळेत. मुख्य कारण चरबी: जेवणानंतरचा दुधाळ प्लाझ्मा पुढच्या तपासण्या बिघडवतो (प्रश्न १२). पाणी प्यायला सांगा. कोरड पडलेल्या पेशंटची शीर सापडत नाही आणि सुई दोनदा फिरवावी लागते.

इकडच्या भागात एक गोष्ट आवर्जून विचारायला हवी: काल आणि आज अंगमेहनत किती झाली? जड श्रमानंतर स्नायूंमधली मिर-१, मिर-१३३ए, मिर-२०६ ही मायक्रोआरएनए ('मिर' हे त्यांचं छोटं नाव) रक्तात वाढतात. फडातून थेट आलेला ऊसतोड कामगार आणि दिवसभर दुकानात बसणारा माणूस यांची तुलना केली, तर हृदयविकाराचा फरक म्हणून जे दिसेल ते कदाचित कोयत्याच्या कामाचं असेल. काम थांबवा असं कुणाला सांगता येत नाही, तो त्याच्या रोजीचा प्रश्न आहे. पण नोंद करता येते, आणि कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेली, तो आजार नसलेली माणसं) त्याच कामातले निवडता येतात. तंबाखू, विडी आणि चालू औषधं हेही त्याच अर्जावर लिहा.

६. रक्त काढताना नेमकं काय पाळायचं?

नमुना बहुतेक वेळा इथेच बिघडतो, म्हणून थोडं सविस्तर.

सुई २१ किंवा २२ गेजची. बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात. टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) बांधल्यापासून एका मिनिटाच्या आत सोडायचं; मूठ सारखी उघड-बंद करायला लावायची नाही. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई घातली तर तेच अल्कोहोल पेशी फोडतं, आणि पेशंटला झोंबतं ते वेगळंच.

पहिलं २ ते ३ मिली रक्त या कामासाठी वापरू नका, कारण त्यात टोचलेल्या जागेच्या त्वचेच्या आणि शिरेच्या आवरणाच्या पेशी येतात. ते नेहमीच्या तपासण्यांच्या प्लेन (आत काही न घातलेल्या) बल्बमध्ये घेता येतं, म्हणजे वाया जात नाही. बल्बांचा क्रम मात्र पाळा: सायट्रेट, प्लेन, हेपरिन, ईडीटीए, फ्लोराइड. हेपरिनचा बल्ब घ्यायचाच असेल तर तो आणि ईडीटीए यांच्यामध्ये एक साधा ईडीटीए बल्ब नेहमीच्या सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) भरा, म्हणजे हेपरिनचा अंश आपल्या नमुन्यात ओढला जात नाही.

सिरिंजने काढत असाल तर दट्ट्या हळू ओढा. बल्बात टाकताना सुई काढून टाका, बल्बाचं झाकण उघडा आणि रक्त काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भिंतीवरून सावकाश सोडा. सुईसकट झाकणातून जोराने दाबलेलं रक्त हमखास फुटतं. मग बल्ब ८ ते १० वेळा हळूच उलटा-सुलटा करायचा. खळखळून हलवायचा नाही. आणि न मिसळता ठेवूनही द्यायचा नाही, कारण तळाशी बारीक गुठळी झाली तर प्लेटलेट तिथेच सक्रिय होतात.

शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवावी लागली, किंवा रक्त थेंबथेंब आलं, तर तसं फॉर्मवर लिहा. शक्य असेल तर दुसऱ्या हातातून पुन्हा घ्या.

७. आमच्या सेंट्रिफ्यूजवर फक्त आरपीएम दिसतं. प्रोटोकॉलमध्ये २,००० जी लिहिलंय. काय लावायचं?

आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या, आणि जी म्हणजे त्या फिरण्याने गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर पडतो. रोटरची (नळ्या बसवायच्या फिरत्या भागाची) त्रिज्या मोजा: मधल्या दांड्याच्या केंद्रापासून, बकेट आडवी झाल्यावर नळीचं बूड जिथे येतं तिथपर्यंत, सेंटिमीटरमध्ये. मग सूत्र असं:

जी = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएम × आरपीएम

त्रिज्या १५ सेंमी असेल तर २,००० जी साठी साधारण ३,४५० आरपीएम लागतात. त्रिज्या १० सेंमी असेल तर साधारण ४,२३०. उलट बाजूने बघा: सगळीकडे डोळे झाकून ३,००० आरपीएम लावतात, ते १५ सेंमीच्या मशीनवर सुमारे १,५०० जी होतात आणि १० सेंमीच्या मशीनवर जेमतेम १,०००. दोन केंद्रांवर हाच फरक असेल तर दोन्हीकडचा प्लाझ्मा वेगळा. हिशोब करून मशीनवर पट्टी चिकटवून ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी चूक होणार नाही.

स्विंग-आउट (फिरताना नळ्या आडव्या होणारा) रोटर असेल तर तोच घ्या; तिरक्या रोटरमध्ये पेशींचा थर भिंतीवर चढतो आणि प्लाझ्मा काढताना ढवळला जातो. ब्रेक बंद किंवा अगदी हलका ठेवा.

८. दोनदा स्पिन करायलाच (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायलाच) हवं का? एकदा केल्यावरही प्लाझ्मा स्वच्छ दिसतो.

हवंच. स्वच्छ दिसतो तो तांबड्या पेशींच्या दृष्टीने. प्लेटलेट डोळ्यांना दिसत नाहीत आणि एका स्पिननंतर त्या प्लाझ्मात भरपूर उरतात. मिर-२२३, मिर-१९१, मिर-१९७, मिर-२४, मिर-१२६ आणि कर्करोगाच्या शोधनिबंधांत वारंवार येणारं मिर-२१ ही प्लेटलेटमध्ये चांगल्या प्रमाणात असतात. फ्रीझरमध्ये गोठवताना प्लेटलेट फुटतात आणि आतलं सगळं प्लाझ्मात उतरतं. त्यामुळे दुसरं स्पिन गोठवण्याआधी व्हायला हवं.

आम्ही सुचवतो ती पद्धत: पहिलं स्पिन २,००० जी, १० मिनिटं, २० ते २२ अंशांना. मशीन तेवढं जात नसेल तर १,५०० जी, १५ मिनिटं. नळी न हलवता बाहेर काढा. खाली तांबडा थर, त्यावर साईसारखा पातळ पांढरट थर, म्हणजे बफी कोट, आणि वर पिवळसर प्लाझ्मा. १ मिलीच्या पिपेटची टिप प्लाझ्माच्या पृष्ठभागालगत धरा आणि पातळी खाली जाईल तशी टिप खाली न्या. बफी कोटच्या वर किमान ५ मिलिमीटर प्लाझ्मा तसाच सोडा. शेवटचा थेंब ओढायचा मोह प्रत्येकाला होतो, विशेषतः नमुना कमी असतो तेव्हा. त्या थेंबात प्लेटलेट सगळ्यात जास्त असतात. टिपमध्ये पांढरट धागा आला तर सगळं परत त्याच नळीत सोडा आणि पुन्हा स्पिन करा.

हा प्लाझ्मा नव्या नळीत घेऊन दुसरं स्पिन २,५०० जी, १५ मिनिटं. ज्यांच्याकडे छोटं मायक्रोसेंट्रिफ्यूज आहे ते १०,००० जी, १० मिनिटं करतात. त्यात मोठ्या पुटिकाही खाली बसतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण पूर्ण अभ्यासात एकच हवी. तळाशी गोळी दिसो वा न दिसो, खालचा अर्धा सेंटिमीटर सोडून द्या.

काम बरोबर झालं का हे बघायचं असेल तर पहिल्या काही नमुन्यांतला शेवटचा प्लाझ्मा सीबीसीच्या काउंटरवर लावा. प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली यायला हव्यात. एवढ्या खालच्या पातळीवर काउंटर फार अचूक नसतो, तरी स्पिनमधली ढोबळ चूक लगेच उघडी पडते.

९. रक्त काढल्यापासून किती वेळात स्पिन व्हायला हवं? तोवर फ्रिजमध्ये ठेवू का?

ईडीटीए बल्बसाठी दोन तासांच्या आत, आणि सगळ्या नमुन्यांना शक्य तितका सारखा वेळ. वीस मिनिटांत झालेला आणि पाच तासांनी झालेला नमुना शेजारी ठेवून तुलना होत नाही.

फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका. थंडीने प्लेटलेट सक्रिय होतात, आणि बल्ब थेट बर्फाला टेकला तर तांबड्या पेशी फुटतात. १८ ते २५ अंशांत, उभा, सावलीत ठेवा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना 'खोलीचं तापमान' हा शब्द फसवा आहे. पंख्याखालची ओपीडी ३८ अंशांवर असते, म्हणून बल्ब एसी खोलीत नेऊन ठेवा आणि तिथला थर्मामीटर वाचून लिहा.

१०. गेवराई किंवा किनवटच्या शिबिरातून नमुना जिल्ह्याला आणायचा आहे. दोन तासांत पोचतच नाही. मग?

मग रक्त आणू नका, प्लाझ्मा आणा. छोटं सेंट्रिफ्यूज शिबिराच्या जागी न्या, दोन्ही स्पिन तिथेच करा. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सपाट, न हलणारं टेबल हवं. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर मशीनचा वेग ढळतो आणि जी बदलतात, तेव्हा स्टॅबिलायझर लावा. स्पिनच्या मध्ये वीज गेली तर वेळ पूर्ण धरू नका. ते स्पिन पहिल्यापासून पूर्ण करा आणि तसं लिहा.

पेशी निघालेला प्लाझ्मा थंडीला घाबरत नाही. तो व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवून त्याच दिवशी मायनस ८० अंशांच्या फ्रीझरपर्यंत पोचवा. पहिल्या आणि दुसऱ्या स्पिनच्या मध्ये मात्र तो कॅरियरमध्ये जाता कामा नये.

सेंट्रिफ्यूज नेणं अशक्यच असेल तर पेशी फुटू न देणाऱ्या, खास सेल-फ्री (पेशींबाहेरच्या) आरएनएच्या नळ्या मिळतात. महाग आहेत आणि त्यांचे आकडे ईडीटीएशी जुळत नाहीत, म्हणून वापरायच्या तर सगळ्यांना त्याच. न स्पिन केलेलं रक्त थोडं अंतर न्यावं लागलं तर बल्ब उभे, फोममध्ये घट्ट बसवलेले, २० अंशांच्या आसपास आणलेल्या जेल पॅकसोबत ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर डिकीत आडवे पडलेले बल्ब आणि हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) यांचं नातं जवळचं आहे.

११. प्लाझ्मा गुलाबी दिसत नाही. म्हणजे हिमोलिसिस नाही ना?

असं म्हणता येत नाही. डोळ्यांना गुलाबी छटा दिसायला लिटरला साधारण ०.३ ग्रॅम हिमोग्लोबिन लागतं. मायक्रोआरएनएचे आकडे त्याच्या कितीतरी आधी सरकलेले असतात. तांबड्या पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ ठासून भरलेली असतात.

दोन तपासण्या करा. पहिली स्वस्त आहे: स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ४१४ नॅनोमीटरला शोषण बघा. ऑक्सिहिमोग्लोबिनचं ठळक शिखर तिथे येतं, त्याची छोटी शिखरं ५४१ आणि ५७६ ला. शोधनिबंधांत ०.२ ही मर्यादा वारंवार येते, पण ती जशीच्या तशी उचलू नका. तुमचं यंत्र आकडा १ मिमी प्रकाशमार्गाचा देतं की १० मिमीचा, यावर तो दहापट बदलतो. त्यापेक्षा स्वच्छ प्लाझ्मा घ्या, गोठवून फोडलेल्या तांबड्या पेशी त्यात वाढत्या प्रमाणात मिसळा, आणि आपल्याच यंत्रावर आलेख काढा. एका दुपारचं काम आहे.

दुसरी तपासणी पीसीआरची: मिर-२३ए च्या सीक्यूमधून मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा. मिर-२३ए हिमोलिसिसने फारसं बदलत नाही. फरक ५ किंवा कमी असेल तर नमुना ठीक. ७ च्या वर गेला तर तो बाजूला काढा. मधल्यांवर खूण करा आणि विश्लेषणात त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही आकडे काढून बघा.

१२. प्लाझ्मा दुधाळ किंवा गर्द पिवळा असेल तर ४१४ चा आकडा धरायचा का?

एकटा नाही. चरबीमुळे प्रकाश विखुरतो आणि सगळ्याच तरंगलांबींना शोषण वाढलेलं दिसतं. अशा वेळी ४१४ चा आकडा ३८५ नॅनोमीटरच्या आकड्याशी ताडून बघतात: हिमोग्लोबिनने ४१४ ला टोक उठतं, चरबीने आलेख नुसता वर सरकतो. काविळीत बिलिरुबिनचं रुंद शिखर ४५० च्या पुढे असतं आणि त्याचा उतार ४१४ पर्यंत येतो. दोन्ही वेळी पूर्ण आलेख छापून ठेवा आणि निर्णय प्रश्न ११ मधल्या पीसीआर तपासणीवर घ्या.

१३. पेशंटला सिकलसेल किंवा मलेरिया आहे. हिमोलिसिस शरीरातच होतंय. नमुना टाकून द्यायचा का?

नाही. किनवट-माहूर भागात सिकलसेलचे रुग्ण आढळतात, आणि सरसकट टाकायचं ठरवलं तर तेच अभ्यासातून गळतील. आधी हिमोलिसिस शरीरातलं की हाताळणीतलं ते ओळखा. प्रश्न ६ प्रमाणे काळजीने पुन्हा घेतलेला नमुनाही तसाच आला, आणि हॅप्टोग्लोबिन (मोकळं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) कमी, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं विकर) जास्त असेल, तर कारण पेशंटच्या रक्तातच आहे.

असे नमुने ठेवा, त्यांचा गट वेगळा करा, आणि तांबड्या पेशींत भरपूर असलेल्या मायक्रोआरएनएबद्दल त्या गटात निष्कर्ष काढू नका.

१४. डायलिसिसच्या किंवा अँजिओग्राफीच्या पेशंटचं रक्त कधी घ्यावं?

हेपरिन देण्याआधी. बल्ब ईडीटीएचा असला तरी शिरेतून दिलेलं हेपरिन नमुन्यात येतंच, आणि अडचण प्रश्न ४ मधलीच होते. डायलिसिसच्या कॅथेटरमध्ये हेपरिन भरून ठेवलेलं असतं, म्हणून कॅथेटरमधून घेऊ नका. दुसऱ्या हाताच्या शिरेतून घ्या. नमुना आधीच हेपरिननंतरचा असेल तर निष्कर्षित आरएनएवर हेपरिन तोडणाऱ्या हेपरिनेज-१ ची प्रक्रिया करता येते. मग ती कंट्रोलसकट सगळ्यांवर करावी लागते.

१५. साठवण किती तापमानाला? उणे २० चा डीप फ्रीझर चालेल?

काही दिवसांसाठी चालेल, अभ्यासाच्या मुदतीसाठी नाही. मायनस ८० हवं. प्लाझ्मा २०० ते २५० मायक्रोलिटरच्या अॅलिकॉटमध्ये (छोट्या भागांत) वाटा, कारण एका निष्कर्षणाला साधारण २०० लागतात. म्हणजे प्रत्येक कुपी एकदाच वितळेल. दर वेळी गोठवणं-वितळवणं झालं की आकडे घसरतात आणि कोणता नमुना किती वेळा वितळला हे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. वितळवताना बर्फावर ठेवा.

लेबल छापील आणि मायनस ८० ला टिकणारं घ्या. साध्या पेनाची शाई स्पिरिटच्या एका थेंबाने जाते. एका पेशंटचे सगळे अॅलिकॉट एकाच फ्रीझरमध्ये ठेवू नका. भारनियमनाच्या भागात जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वेळेसाठी तापमानाचा अलार्म मोबाइलवर येईल अशी सोय करा, आणि वीज नसताना दार उघडू नका.

१६. ड्राय आइसवर पाठवताना काय बघायचं?

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मायनस ७८.५ अंशांवर असतो आणि त्याचा वायू होत राहतो. थर्माकोलची पेटी टेपने हवाबंद केली तर दाबाने फुटू शकते, म्हणून फट ठेवा. बंद गाडीच्या केबिनमध्ये पेटी ठेवू नका. कार्बन डायऑक्साइडने चालक गुदमरू शकतो. उन्हाळ्यात एका दिवसाच्या प्रवासाला किमान ५ किलो धरा, उशीर गृहीत धरून त्याहून जास्त. बाहेर यूएन ३३७३ (जैविक नमुना) आणि यूएन १८४५ (ड्राय आइस) ही दोन्ही लेबलं, आत तिहेरी पॅकिंग. शुक्रवारी पाठवू नका; पेटी रविवारी गोदामात पडून राहते.

१७. आरएनए काढल्यावर नॅनोड्रॉपवर (थेंबभर नमुन्यातला आरएनए प्रकाशाने मोजणारं यंत्र) काहीच दिसत नाही, २६०/२८० (शुद्धतेचं गुणोत्तर) वाईट येतं. निष्कर्षण फसलं का?

बहुधा नाही. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मातला आरएनए इतका कमी असतो की नॅनोड्रॉप त्याला नीट पकडू शकत नाही. जे दिसतं ते फिनॉल, ग्वानिडिन किंवा किटमध्ये टाकलेला वाहक आरएनए. त्यामुळे नॅनोग्रॅम सारखे करून पीसीआर लावू नका. सुरुवातीचा प्लाझ्मा सारखा, शेवटचं इल्युशन (आरएनए ज्यात सोडवून घेतला तो द्रव) सारखं, आणि आरटीमध्ये (आरएनएची डीएनए प्रत करताना) टाकलेलं आकारमान सारखं, असं चाला. २३० नॅनोमीटरला मोठा डोंगर दिसला तर कॉलम (आरएनए धरून ठेवणारी किटमधली नळी) शेवटी रिकामा फिरवून इथेनॉल पूर्ण उडवा. निष्कर्षण नीट झालं का हे स्पाइक-इन (मुद्दाम ठरावीक प्रमाणात टाकलेलं परकं मायक्रोआरएनए) सांगतो.

१८. स्पाइक-इन कधी टाकायचा?

लायसिस बफर (विकरं निकामी करणारं द्रावण) टाकून नीट मिसळल्यानंतर. आधी प्लाझ्मात टाकला तर प्रश्न १ मध्ये सांगितलेली आरएनेज विकरं त्याला तिथेच संपवतात. सेल-मिर-३९ हा सूत्रकृमीचा किंवा एथ-मिर-१५९ए हा वनस्पतीचा वापरतात, कारण माणसात ते नसतात. सगळ्या नमुन्यांना एकाच मास्टर स्टॉकमधून सारखंच आकारमान द्या. एका नमुन्याचा स्पाइक-इन बाकीच्यांपेक्षा दोन सीक्यूने उशिरा आला तर तो आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. अंतर कमी झालं तर आत पीसीआर अडवणारं काहीतरी आहे. तसंच राहिलं तर आरएनए निष्कर्षणात गेला.

१९. नॉर्मलायझेशनला (नमुन्यांचे आकडे एका स्थिर संदर्भाला धरून तुलनेत आणायला) सगळे मिर-१६ वापरतात. आम्हीही वापरू का?

नको. ते तांबड्या पेशींत भरपूर असल्याने नमुना जितका फुटलेला तितकं ते वाढतं, आणि तुमचं खरं मायक्रोआरएनए खोटंच कमी दिसतं. यू६ (पेशींतला एक छोटा आरएनए) हा संदर्भही प्लाझ्मात भरवशाचा नाही. आपल्या नमुन्यांत स्थिर राहणारी दोन-तीन मायक्रोआरएनए आधी शोधा, त्यांची सरासरी घ्या, आणि ती हिमोलिसिसने हलत नाहीत हे प्रश्न ११ च्या आलेखावर तपासा.

२०. केसेस (आजार असलेले) मेडिकल कॉलेजातून आणि कंट्रोल गावातल्या शिबिरातून घेतले. चालेल ना?

हा प्रश्न अभ्यास संपल्यावर येतो, तेव्हा उपाय उरलेला नसतो. केसचं रक्त एसी लॅबमध्ये अर्ध्या तासात स्पिन झालं आणि कंट्रोलचं तीन तास उन्हात थांबलं, तर दोन गटांत जो फरक येईल तो आजाराचा की प्रवासाचा हे कुठलंही संख्याशास्त्र सांगू शकत नाही. दोन्ही ठिकाणी दोन्ही गटांचे नमुने घ्या. निष्कर्षणाच्या प्रत्येक बॅचमध्ये केस आणि कंट्रोल मिसळून लावा, पीसीआर प्लेटवरही. किटचा लॉट बदलला तर तारीख लिहा.

२१. फॉर्मवर कमीत कमी काय लिहायचं?

रक्त काढल्याची वेळ, दोन्ही स्पिन सुरू झाल्याच्या वेळा, गोठवल्याची वेळ (तारीख नव्हे, घड्याळातली वेळ), बल्बचा प्रकार आणि लॉट, जी आणि तापमान, उपवास, श्रम, औषधं, प्लाझ्माचा रंग, ४१४ चा आकडा, किती वेळा वितळला. आंतरराष्ट्रीय बायोबँकांत स्प्रेक नावाचा, नमुना कसा तयार केला ते सांगणारा सांकेतिक कोड वापरतात, तोही द्या.

संमतीपत्र पेशंटला समजेल अशा मराठीत, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, आणि उरलेला नमुना पुढच्या अभ्यासाला वापरण्याची परवानगी त्यात वेगळी मागा. एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नमुन्याआधी हवी. परदेशी प्रयोगशाळेसोबतच्या प्रकल्पात नमुने बाहेर पाठवायचे तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विचार सुरुवातीलाच करा.

२२. फ्रीझरमध्ये जुने, एकदाच स्पिन केलेले प्लाझ्मा नमुने आहेत. काहीच उपयोग नाही का?

अटींवर आहे. वितळल्यावर पुन्हा स्पिन केलं तर न फुटलेल्या प्लेटलेट आणि त्यांचे तुकडे बऱ्यापैकी खाली बसतात, पण गोठताना जे प्लाझ्मात विरघळून गेलं ते परत निघत नाही. म्हणून पुन्हा स्पिन करायचं तर सगळ्यांना, सारख्या जी-वर. प्रश्न ८ मधल्या प्लेटलेटच्या मायक्रोआरएनएवर त्या नमुन्यांतून दावा करू नका. केस आणि कंट्रोल एकाच काळात, एकाच हाताने साठवलेले असतील तर उरलेल्या मायक्रोआरएनएची चाळणी करायला ते चालतात. त्यातून जे सापडेल ते दोनदा स्पिन केलेल्या नव्या नमुन्यांवर पडताळल्याशिवाय छापू नका. आणि किती स्पिन झालं होतं याची नोंदच नसेल, तर आधी पाच-सहा कुप्या काढून त्यांचा मिर-२२३ नव्या, नीट तयार केलेल्या प्लाझ्माशी ताडून बघा. त्याचा सीक्यू सगळीकडे खूप लवकर येत असेल तर बाकीच्या कुप्या वितळवू नका.